अकारा : आफ्रिकेतल्या चवळीच्या भज्यात एवढं काय आहे?

मराठी घरात चवळीला मान तसा बेताचाच. मटकी-मुगाची उसळ आठवड्यातून दोनदा होते, चवळीची पाळी कधीतरी येते. गोव्यात तिला अळसांदे म्हणतात, बेळगावच्या बाजारात कानडी दुकानदार अलसंदी म्हणतो, बडोद्यात ती चोळा होते, इंदूरकडे चवला, ग्वाल्हेरकडे लोबिया आणि हैदराबादेत अलसंदलु किंवा बोब्बर्लु. नावं इतकी असली तरी हे कडधान्य मूळचं भारतातलं नाही. चवळी आफ्रिकेची. मध्य घानात किंतांपो संस्कृतीच्या वस्त्यांवर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे चवळीचे दाणे सापडले आहेत. तिथून ती फार जुन्या काळी भारतात आली आणि इतकी मुरली की ती परकी आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

मूळ प्रदेशात, म्हणजे पश्चिम आफ्रिकेत, मात्र चवळी रोजची आहे. नायजेरिया हा जगात सर्वाधिक चवळी पिकवणारा देश, आणि खाणाराही. तिथल्या चवळीचा सगळ्यात लाडका अवतार म्हणजे अकारा. सालं काढलेली चवळी भिजवून वाटायची, फेटायची, त्यात कांदा-मिरची घालायची आणि तेलात तळायची. ऐकायला साधं भजं वाटतं. पण त्यात डाळीचं कोरडं पीठ नाही, तांदळाची पिठी नाही, सोडा नाही, अंडं नाही. तरी तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून पावासारखा जाळीदार होतो.

अकारा हे नाव योरुबा भाषेतलं. नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमध्ये ही भाषा बोलतात. उत्तर नायजेरियातले हौसा लोक त्यालाच कोसाई म्हणतात, घानात तो कोसे होतो, सेनेगल-गांबियात अक्करा. नावाप्रमाणे जोडीदारही बदलतो. योरुबा घरात अकाऱ्याबरोबर ओगी, म्हणजे मका भिजवून, आंबवून, वाटून, गाळून केलेली पातळ खीर. उत्तरेत ‘कोको दा कोसाई’ ही जोडी ठरलेली. कोको म्हणजे बाजरीची आंबट-तिखट पेज, आलं-लवंग-मिरी घातलेली. सेनेगलमध्ये कांदा-टोमॅटोच्या तिखट रश्शाबरोबर, नाहीतर सरळ पावात भरून. लागोसच्या रस्त्यावरही पावात अकारा घालून खाणारे भरपूर. वडापाववाल्यांना हे नवीन सांगायला नको.

लागोस, इबादानकडच्या कितीतरी घरांत शनिवारचा नाश्ता म्हणजे अकारा आणि ओगी हे समीकरण आहे. आठवडाभर कामाच्या घाईत चवळी सोलत कोण बसणार? सुट्टीच्या दिवशीच ते जमतं. ओशुन राज्यातलं ओसू हे गाव तर त्याच्या कडक, कुरकुरीत अकाऱ्यासाठीच ओळखलं जातं. आणखी एक प्रथा मराठी वाचकाला जरा चकित करील. योरुबा समाजात पिकलेल्या वयाचं माणूस गेलं, की घरात मोठ्या प्रमाणावर अकारा तळून शेजारीपाजारी वाटतात. माणूस भरलं आयुष्य जगून गेलं, म्हणून हा शोकापेक्षा निरोपाचा घास.

सगळी करामत हवेची

अकाऱ्याची खरी मेहनत तळण्यात नाही, सोलण्यात आणि फेटण्यात आहे. चवळी थोडा वेळ पाण्यात ठेवायची, साल सैल झालं की दोन्ही तळहातांत चोळायची. सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. दाणे पांढरे स्वच्छ होईपर्यंत हे चालतं. दाण्यावरचा तो काळा डोळाही निघाला पाहिजे, नाहीतर अकारा काळपट दिसतो आणि चवीला तुरट लागतो. मग आणखी भिजवून अगदी कमी पाण्यात वाटण. पूर्वी दगडावर, आता वस्तीतल्या गिरणीवर. नायजेरियाच्या शहरांत अशा ओल्या दळणाच्या गिरण्या गल्लोगल्ली आहेत, आणि बायका चवळी, मिरच्या, टोमॅटो घेऊन तिथे रांगेत उभ्या असतात.

वाटलेलं पीठ उखळात मुसळाने किंवा भांड्यात लाकडी डावाने फेटतात. फेटता फेटता ते फुगतं, रंग पांढुरका होतो, हाताला हलकं लागतं. चवळीतली प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात. तेलात पडल्यावर बुडबुडे फुगतात, प्रथिनं आणि स्टार्च उष्णतेने घट्ट होतात आणि जाळी तशीच राहते. म्हणून यात सोडा लागत नाही.

उडदाच्या वड्याचं तंत्र हेच, पण एक फरक आहे. उडदाच्या डाळीला अंगचा चिकटपणा असतो, तो हवा धरून ठेवायला मदत करतो. चवळीत तो नाही. त्यामुळे फेटलेलं पीठ थांबत नाही. ठेवलं की बसतं, पाणी सुटतं. अकारा करणारी बाई म्हणूनच सगळं पीठ एकदम फेटत नाही. थोडं काढून घेते, फेटते, मीठ, कांदा आणि मिरची अगदी शेवटी घालते आणि लगेच तळते. मीठ-कांदा आधी पडला तर पीठ पातळ होतं, मग अकारा चपटा आणि तेलकट.

याच कारणाने तयार पिठाचा प्रयोग सहज जमला नाही. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात अन्नशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून अकाऱ्यावर बराच अभ्यास केला. सोलायची कटकट वाचावी म्हणून चवळीचं कोरडं पीठ करून विकता येईल का, हा प्रश्न होता. अडचण निघाली दळणाची. पीठ फार बारीक दळलं की ते ओल्या वाटणासारखं पाणी धरत नाही, फेटून फुगत नाही, आणि अकारा जड, घट्ट होतो. दळणाचा कण थोडा भरड ठेवला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आज चवळीचं पीठ पुड्यांत मिळतं, पण रस्त्यावरच्या चांगल्या अकाऱ्यामागे अजूनही ओलं वाटणच असतं.

मिरचीचंही सांगायला हवं. तिथली ‘अता रोदो’ ही छोट्या कंदिलासारखी गोल मिरची नुसती तिखट नाही, तिला फळासारखा वास आहे. ईशान्य भारतातली भूत जोलोकिया तिच्याच नात्यातली. अकाऱ्याचा दरवळ अर्धा त्या मिरचीचा आणि अर्धा तेलात टाकलेल्या कांद्याचा.

पोषण किती, तेल किती?

कोरड्या चवळीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २३ ते २४ ग्रॅम प्रथिनं, ६० ग्रॅम कर्बोदकं, १० ग्रॅमच्या वर तंतू आणि जेमतेम सव्वा ग्रॅम स्निग्धांश असतो. लोह ८ मिलिग्रॅमच्या आसपास. फोलेट तर ६०० मायक्रोग्रॅमहून जास्त, आणि गरोदर बाईला सगळ्यात आधी लागणाऱ्या पोषकांपैकी हे एक. मांस-मासे रोज न परवडणाऱ्या घरात हा आकडा छोटा नाही.

पण चवळीचा अकारा होईपर्यंत हिशेब बदलतो. साल गेलं की तंतूंचा मोठा भाग जातो. त्याबरोबर सालातली टॅनिन्सही जातात, ही त्यातली जमेची बाजू, कारण टॅनिन्स प्रथिनं पचायला आणि लोह शोषायला आडवी येतात. भिजवलेलं पाणी फेकल्याने पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही काही प्रमाणात निघून जातात. आईने चवळी खाऊन पोट फुगतं म्हणून टाळली असेल, तर सोललेल्या चवळीचा अकारा तिला कदाचित सोसेल.

मग तेल. अकारा जाळीदार असतो आणि जाळी तेल धरते. तळलेल्या अकाऱ्यातलं पाणी वगळून मोजलं, तर उरलेल्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा तेलाचा निघतो. म्हणजे मुळात सव्वा ग्रॅम स्निग्धांश असलेल्या चवळीतून असा पदार्थ होतो, ज्याच्या उष्मांकांतला जवळपास अर्धा भाग तेलातून येतो. ‘अकारा म्हणजे प्रथिनं’ असं नुसतं म्हणून भागत नाही, हे यासाठी. अर्थात, पहाटे उठून डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसाला ते उष्मांक हवेच असतात, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला नको असतात. अकारा दोघांचाही तोच.

तेल कुठलं, हाही प्रश्न आहे. जुनी पद्धत लाल पाम तेलाची. त्याचा लाल रंग बीटा कॅरोटीनचा, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. मात्र त्याच तेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त स्निग्धांश असतो, आणि तेल धूर येईपर्यंत तापवलं की कॅरोटीन जळून जातं, रंगही उडतो. उत्तरेत शेंगदाण्याचं तेल जास्त, शहरांत आता रिफाइंड. रस्त्यावरच्या कढईत तेच तेल किती वेळा तापतं ही चिंता मात्र लागोस असो की हुबळी, सारखीच.

अकाऱ्याचं खरं महत्त्व कळतं ते त्याच्या जोडीदाराकडे पाहिल्यावर. ओगी ही मक्याची गाळलेली पेज. तिच्यात प्रथिनं फार थोडी, आणि जी असतात त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी. चवळीत लायसिन भरपूर. तिच्यात कमी पडतात ती गंधकयुक्त अमिनो आम्लं, जी मक्यात बऱ्यापैकी असतात. वरण-भाताचं गणित जे, तेच इथे. पेजेत अकारा बुडवून खाणाऱ्या कुणी हे कोष्टक मांडलं नव्हतं, पण जोडी जमली ती नेमकी.

ती जोडी तुटली तर काय होतं, याची नोंद याच भागातून झाली. डॉ. सिसिली विल्यम्स या डॉक्टर तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. पोट पुढे आलेली, पाय सुजलेली, केस-कातडीचा रंग उतरलेली लहान मुलं त्यांच्याकडे येत. १९३३ मध्ये त्यांनी या आजाराचं वर्णन छापलं आणि १९३५ मध्ये त्याला तिथल्या गा भाषेतलंच नाव दिलं: क्वाशिओर्कोर. दुसरं बाळ आलं की पहिल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. आईचं दूध सुटलेलं मूल जवळजवळ नुसत्या मक्याच्या पेजेवर राहायचं. हा आजार केवळ प्रथिनांच्या कमतरतेचा नाही, संसर्ग आणि इतर कारणंही त्यात असतात, असं पुढच्या संशोधनाने दाखवलं. तरी पेजेला जोड हवी, हा धडा कायम राहिला. लहान मुलांना तळलेला अकारा नको म्हणून याच वाटणाचं मोईन-मोईन करतात: पीठ पानात बांधून वाफवायचं. गोव्यात हळदीच्या पानात पातोळ्या वाफवतात, तसंच. तेल फार थोडं, गुण तेच.

समुद्रापलीकडची अकारावाली

अकारा आफ्रिकेपुरता राहिला नाही. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी गुलाम करून ब्राझीलला नेलेल्या योरुबा लोकांबरोबर तो अटलांटिक ओलांडून गेला. बाहिया प्रांतात, साल्वादोर शहरात, त्याचं नाव झालं अकाराजे. ‘जे’ म्हणजे योरुबात खाणं. लाल पाम तेलात तळायचा, मधोमध चिरायचा आणि आत वातापा, कारुरु, सुकी कोळंबी भरायची. कारुरु म्हणजे भेंडीचं कालवण. वातापात नारळाचं दूध आणि बऱ्याचदा काजू. गोव्याच्या वाचकाला इथे ओळखीचं बरंच सापडेल. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून गोव्याला आणला, आणि नारळ त्यांच्याच जहाजांतून हिंदी महासागराकडून अटलांटिकच्या बाजूला गेला.

गुलामगिरीच्या काळात साल्वादोरच्या रस्त्यांवर गुलाम स्त्रिया खाद्यपदार्थ विकत. कमाईतला ठरलेला वाटा मालकाला, उरलेला स्वतःकडे. असा पैसा साठवून काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. अकाराजे हा कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन पंथात वारा-वादळाची देवी यान्सां हिचा नैवेद्यही आहे. पांढरा घेरदार झगा, डोक्याला फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा घालून बसणारी विक्रेती, बाइयाना, हा त्या शहराचा चेहराच झाला. २००५ मध्ये तिच्या या व्यवसायाची ब्राझीलच्या राष्ट्रीय वारशात नोंद झाली.

नोंद झाली म्हणून जागा मिळतेच असं नाही. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी साल्वादोरचं स्टेडियम तयार होत असताना फिफाच्या नियमांमुळे आसपास फक्त मान्यताप्राप्त विक्रेत्यांनाच परवानगी मिळणार, असं दिसू लागलं. बाइयानांच्या संघटनेने आवाज उठवला, सह्या गोळा केल्या, मोर्चा काढला. शेवटी काही जणींना तिथे विक्रीची मुभा मिळाली. दुसरा वाद घरातलाच. काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती विक्रेते देवीशी नातं नको म्हणून हाच पदार्थ ‘येशूचा गोळा’ या नावाने विकतात. जुन्या बाइयानांना ते बोचतं. आजी-पणजीने डोक्यावरून वाहिलेल्या पदार्थाचं नावच पुसलं जातंय, ही त्यांची तक्रार आहे, आणि ती उगाच नाही.

गरिबाचं प्रथिन, पण किती दिवस?

नायजेरियात सध्या प्रश्न वारशाचा नाही, भावाचा आहे. चवळी पिकते मुख्यतः कोरड्या उत्तरेत: बोर्नो, कानो, त्या पट्ट्यात. खाणारी मोठी शहरं दक्षिणेत. कानोचा दवनाऊ बाजार हे धान्याचं मोठं केंद्र. तिथून ट्रक भरून खाली जातात. बोर्नोत २००९ पासून बोको हरामच्या हिंसाचाराने शेती मोडली. मे २०२३ मध्ये पेट्रोलवरचं अनुदान गेलं, लगेच पुढच्या महिन्यात नायरा हे चलन बाजारभावावर सोडलं आणि ते कोसळलं, वाहतूक महागली. सप्टेंबर २०२४ मध्ये बोर्नोची राजधानी मैदुगुरी धरण फुटून पाण्याखाली गेली. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये ७३० नायरांच्या आसपास असलेला एक किलो चवळीचा सरासरी भाव वर्षभरात सुमारे २,८०० नायरांवर गेला. पुढे तो उतरला, पण मधल्या काळात कढई पेटवणाऱ्या बाईपुढे दोनच वाटा होत्या: अकारा लहान करायचा किंवा महाग विकायचा. दोन्हीत गिऱ्हाईक तुटतं. तेल आणि सरपण त्याच काळात महाग झालं, ते वेगळंच.

चवळीची दुसरी दुखणी शेतात आणि कोठारात. शेंगा पोखरणाऱ्या अळीमुळे पीक जातं; तिला तोंड देणारं जनुक-सुधारित वाण नायजेरियाने २०१९ मध्ये मंजूर केलं, आणि त्यावर बीटी वांग्यासारखाच वाद आहे. साठवणीत भुंगा लागतो. चवळीचा डबा उघडल्यावर भोकं पडलेले दाणे आणि पांढरी भुकटी पाहिलेल्यांना हा भुंगा ठाऊक आहे. व्यापारी त्यासाठी जहाल कीटकनाशक वापरत. डायक्लोरव्हॉसचे अंश सापडल्याने युरोपीय संघाने २०१५ मध्ये नायजेरियाच्या सुक्या चवळीची आयात थांबवली. यावर एक साधा उपाय मात्र चांगला चालला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये तीन पदरी हवाबंद पिशवीची पद्धत बसवली. आत हवा शिरत नाही, प्राणवायू संपतो, भुंगा मरतो, औषध लागत नाही. घरी दोन-तीन किलो चवळी ठेवायची तर घट्ट झाकणाच्या, काठोकाठ भरलेल्या बरणीत हेच तत्त्व चालतं.

घरी करून बघायचा तर

हैदराबादकडच्या वाचकांना यात फार नवल वाटणार नाही. अलसंदल वडलु तिथे होतातच, आणि राजस्थान-माळव्याकडे चवल्याच्या डाळीची भजी असतात. पण ती बहुतेक भरड वाटणाची, आलं-जिरं-कोथिंबीर घातलेली. अकारा बारीक आणि फेटलेला.

पाव किलो पांढरी चवळी अर्धा तास भिजवून चोळून सोलावी. सगळी सालं निघेपर्यंत धीर धरावा, खरं काम तेवढंच. मग आणखी तासभर भिजवून मिक्सरमध्ये अगदी चमचा चमचा पाणी घालत गुळगुळीत वाटावं. मिक्सर गरम झाला तर थांबावं. वाटण खोलगट भांड्यात घेऊन एकाच दिशेने सात-आठ मिनिटं हाताने किंवा रवीने फेटावं. थेंब पाण्यात टाकल्यावर तरंगला की झालं. पातळ झालं तर बेसन घालून सावरायचा मोह होईल, पण मग ते कांदाभजी होतं. बारीक कांदा, वाटलेली लाल मिरची आणि मीठ शेवटी घालून मध्यम आचेवर चमच्याने सोडावं. आच मोठी असेल तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. फार मंद असेल तर तेल पितो. बरोबर नाचणीची आंबील किंवा ज्वारीची पेज घेतली तर मूळ जोडीच्या बरंच जवळ जाता येतं. तेल नको असेल त्यांनी हेच पीठ वाटीत किंवा केळीच्या पानात घालून इडलीपात्रात चाळीसेक मिनिटं वाफवावं. फेटलेलं पीठ मात्र संध्याकाळसाठी ठेवू नये, ते बसतं. उरणार असेल तर न फेटता, मीठ न घालता फ्रिजमध्ये ठेवावं आणि लागेल तेव्हा फेटावं.